चित्रित हिंसा आणि प्रेक्षकाचे वय

१. संज्ञानिश्चिती

चित्रपटातील हिंसा मुलांनी पाहावी की नाही, हा प्रश्न बहुधा मतामतांच्या गलबल्यात सोडून दिला जातो. एक पक्ष म्हणतो, मुले मोबाइलवर याहून भयंकर पाहतातच. दुसरा म्हणतो, असल्या चित्रपटांवर बंदीच घालावी. दोन्ही पक्षांत एक दोष समान आहे. ‘हिंसा’ ही एकसंध वस्तू आहे आणि ती कमी किंवा जास्त एवढीच असू शकते, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतक चुकीचे असल्याने प्रथम संज्ञा निश्चित करणे अवश्य आहे.

प्रस्तुत विवेचनात हिंसा म्हणजे एका व्यक्तीने वा समूहाने दुसऱ्या जिवाच्या शरीरावर, मनावर किंवा प्रतिष्ठेवर हेतुपुरस्सर केलेला आघात. भूकंप, रोग, अपघात ही दुःखाची कारणे होत. त्यांत हेतू नसल्यामुळे ती हिंसा ठरत नाहीत. अशा आघाताचे पडद्यावरील दर्शन ही चित्रित हिंसा. प्रत्यक्ष हिंसेत कर्ता आणि भोक्ता असे दोन पक्ष असतात. चित्रित हिंसेत प्रेक्षक हा तिसरा पक्ष येतो, आणि वयाचा प्रश्न केवळ या तिसऱ्या पक्षापुरता उद्भवतो.

दुसरी जोडी परिनिरीक्षण आणि वर्गीकरण यांची. बोलीत दोहोंनाही ‘सेन्सॉर’ म्हणतात, परंतु त्यांची तत्त्वे भिन्न आहेत. काय दाखवावे, हे परिनिरीक्षण ठरवते. त्याचे बंधन निर्मात्यावर पडते. कोणी पाहावे, हे वर्गीकरण ठरवते. त्याचे बंधन प्रेक्षकावर पडते. जेथे वर्गीकरण नीट होते तेथे परिनिरीक्षणाची गरज घटते, कारण प्रौढाला जे दाखवणे योग्य ते बालकाच्या भयाने कापावे लागत नाही. उलट वर्गीकरण ढिले असेल तर कात्री अधिक चालवावी लागते, अथवा काहीच न करता डोळेझाक करावी लागते.

तिसरी संज्ञा प्रौढ महानायकपट. अतिमानवी सामर्थ्याचा नायक आणि त्याचा दुष्टांशी संघर्ष हे महानायकपटाचे सामान्य लक्षण. त्यातील आघातांचे परिणाम झाकून न ठेवता दाखवले, जखम, वेदना, मृत्यू आणि अपराधभाव यांना कथेत स्थान दिले, की तो प्रौढ होतो. ‘डेडपूल’ (२०१६), ‘लोगन’ (२०१७) आणि ‘जोकर’ (२०१९) यांना भारतात ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळाले. मराठीत शुद्ध महानायकपट जवळजवळ नाही. निखिल महाजन दिग्दर्शित ‘बाजी’ (२०१५) हा एक उल्लेखनीय प्रयत्न. मात्र महाराष्ट्रातल्या प्रेक्षकापुढे हा प्रश्न ज्या चित्रपटाने खऱ्या अर्थाने उभा केला तो महानायकपट नव्हे. तो १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’. छत्रपती संभाजी महाराज हे इतिहासपुरुष आहेत. कल्पित पात्रांच्या पंक्तीत त्यांना बसवण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते चित्रपटाच्या रचनेत : एकाकी, असामान्य बळाचा नायक, संख्येने अफाट शत्रू, आणि अखेरीस नायकाच्या देहावर होणारा दीर्घ आघात.

२. हिंसेचे विभाजन

चित्रित हिंसेचे विभाजन चार तत्त्वांवर करता येते. आघाताचे स्थान, दर्शनाची रीत, परिणाम आणि समर्थन ही ती तत्त्वे. यांपैकी पहिल्याचा विचार शेवटी करावा लागेल, कारण विद्यमान व्यवस्थेची मोठी उणीव तेथे आहे.

दर्शनाच्या रीतीने हिंसा तीन प्रकारची : सूचित, दर्शित आणि विस्तारित. आघात पडद्याबाहेर घडून केवळ त्याचे चिन्ह दिसते ती सूचित. आघात दिसतो, पण कथा पुढे सरकते ती दर्शित. कथा थांबते आणि आघातच विषय होतो ती विस्तारित. हा भेद भारतीय परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात, असा दंडक आहे. तेथे हेतू वयोरक्षणाचा नव्हता. रसाला बाध येऊ नये हा होता. तथापि सूचन हे दर्शनाहून दुबळे असते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट याचे उत्तर देतो. तेथे घाव दिसत नाहीत. शेजारणीसोबत परतलेले लहान मूल घरात जाते, बाहेर येते, आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे फरशीवर उमटतात. ध्वनी पूर्णपणे काढून घेतलेला असतो. एकही प्रहार न दाखवता ते दृश्य त्या वर्षीच्या कोणत्याही मारामारीपेक्षा जड ठरले. म्हणून विधान असे करावे लागते : सूचित हिंसा प्रौढावर अधिक आणि अगदी लहान बालकावर कमी परिणाम करते, कारण सूचनेतून अर्थ काढण्यास अनुभव लागतो. विस्तारित हिंसेचे याच्या उलट.

परिणामाच्या दृष्टीने हिंसा सपरिणाम किंवा निष्परिणाम असते. येथे महानायकपट उत्तम उदाहरणे पुरवतो. डेडपूलचे शरीर तुटते आणि पुन्हा भरून येते. म्हणून त्याच्या देहावरील आघात हास्याचा विषय होऊ शकतो. ‘लोगन’मध्ये तीच भरून येण्याची शक्ती ओसरत चाललेली आहे. जखमा राहतात, पू धरतात, चाल बिघडते. दोन्ही चित्रपटांत रक्त विपुल आहे आणि दोहोंना एकच प्रवर्ग मिळाला. परंतु पहिला आघाताची किंमत शून्य ठरवतो आणि दुसरा ती पै-पैने वसूल करतो. शिक्षण म्हणून पाहता दुसरा अधिक प्रामाणिक, भयकारकता म्हणून पाहता दुसराच अधिक तीव्र. ‘लोगन’मध्ये आणखी एक घटक आहे. त्यात हत्या करणारी एक लहान मुलगी आहे. बालके हिंसेचे बळी, कर्ते वा सक्तीचे साक्षी म्हणून दाखवण्याविषयी भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत स्वतंत्र कलम आहे, आणि ते योग्य आहे : लहान प्रेक्षक पडद्यावरील मुलाशी सर्वांत लवकर तादात्म्य पावतो.

रक्त न दाखवणाऱ्या निष्परिणाम हिंसेकडे वर्गीकरण करणारे सौम्य दृष्टीने पाहतात. शहर कोसळते, इमारतींचे मजले ढासळतात, आणि एकही प्रेत नजरेस पडत नाही. २०२५ साली ‘सुपरमॅन’ भारतात ‘यूए १३+’ प्रवर्गात आला तेव्हा चुंबनदृश्यांतील सुमारे ३३ सेकंद काढले गेले. नगरविध्वंस तसाच राहिला. तेरा वर्षांच्या मुलाला प्रेमाचे दर्शन घातक आणि विध्वंसाचे निरुपद्रवी, हा त्यामागील क्रम कोणत्याही तत्त्वावर सिद्ध करता येत नाही.

समर्थनाचा विभाग थोडक्यात सांगता येतो. दुष्टाने केलेली हिंसा बालकाला घाबरवते. नायकाने केलेली हिंसा त्याला आकर्षित करते. अनुकरणाचा धोका दुसरीत आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये केलेल्या बाहुलीच्या प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी तेच प्रकार केले, हे प्रसिद्ध आहे. त्या प्रयोगावरून चित्रपट पाहून मुले गुन्हेगार होतात असे सिद्ध होत नाही. तेवढा भार तो प्रयोग पेलत नाही, आणि त्याच्यावर तो लादूही नये. मोठ्यांना पाहून मुले अनुकरण करू शकतात, एवढेच त्यातून निघते, आणि वर्गीकरणाला तेवढे पुरेसे आहे.

३. वयाच्या अवस्था

वय म्हणजे वर्षांची बेरीज नसून आकलनाची अवस्था, हे मान्य केल्याशिवाय वयोवर्गीकरणाला अर्थ राहत नाही. या विषयावर अमेरिकेतील जोअन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांचे १९८०च्या दशकातील काम मार्गदर्शक आहे, आणि योगायोगाने ते एका महानायकाविषयीच आहे. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या दूरचित्रवाणी मालिकेत सज्जन नायक संतापला की हिरवा राक्षसी देह धारण करून दुर्बलांचे रक्षण करतो. शाळापूर्व वयाची मुले नेमकी त्या रूपांतराच्या क्षणी घाबरत. तो रक्षणकर्ता आहे हे त्यांना दिसत नसे. दिसे ते बदलणारे शरीर. मोठी मुले तेथे निश्चिंत होत, कारण संकट टळल्याचे त्यांना कळे. त्यांची भीती त्याआधी, नायक संकटात असताना असे.

यावरून अवस्थांचा क्रम मांडता येतो. साधारण सातव्या वर्षापर्यंत रूप हेच सत्य असते. भेसूर चेहरा, किंकाळी, रक्ताचा रंग यांचा आघात होतो. ‘हे खोटे आहे’ या आश्वासनाचा उपयोग होत नाही. सात ते तेराच्या दरम्यान घटना कळते, कारण कळते आणि खरे-खोटे यांतील सीमा दिसू लागते. म्हणून काल्पनिक राक्षसाची भीती ओसरते आणि खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची वाढते. तेरानंतर अमूर्त विचार येतो : न्याय, सूड, समूह, अपमान. या वयात भय कमी, पण बाजू घेण्याची तीव्रता सर्वाधिक. सोळानंतर बाजू घेऊनही तिच्यापासून अंतर राखण्याची क्षमता येऊ लागते. या सीमा ताठ नाहीत आणि प्रत्येक मूल त्या ठरलेल्या दिवशी ओलांडत नाही. कायदा मात्र ताठ रेषेशिवाय चालत नाही, हे स्वीकारावे लागते.

दुसऱ्या अवस्थेविषयीचे विधान विशेष ध्यानात ठेवावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कल्पित राक्षसापेक्षा खरा इतिहास अधिक घाबरवतो. ‘हे खरेच घडले होते’ हे वाक्य प्रौढाला आदर शिकवते; त्या वयाच्या मुलाचा ‘हे खोटे आहे’ हा शेवटचा आधार ते काढून घेते.

४. कायद्याची रचना

भारतात ‘यू’ (सर्वांसाठी) आणि ‘ए’ हे दोन प्रवर्ग १९४९च्या दुरुस्तीने आले आणि १९५२च्या चलच्चित्र अधिनियमात कायम झाले. १९८३ मध्ये ‘यूए’ आणि ‘एस’ (विशिष्ट व्यावसायिकांसाठी) यांची भर पडली. बारा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विचार करावा, असा ‘यूए’चा अर्थ होता. चार दशके एवढ्यावर निभावले. अमेरिकेत या काळात दुसरीकडून तोच प्रश्न आला. १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ यांवरील पालकांच्या तक्रारींनंतर ‘पीजी-१३’ हा मधला प्रवर्ग निर्माण झाला. ब्रिटनमध्ये २००२ साली ‘स्पायडर-मॅन’ला बारा वर्षांची बंधनकारक मर्यादा लागली, तेव्हा काही स्थानिक परिषदांनी आपल्या अधिकारात ती शिथिल केली; त्याच वर्षी पालकासोबत प्रवेश देणारा ‘१२ए’ प्रवर्ग लागू झाला. महानायकपट आणि मधले वय यांचा संघर्ष सर्वत्र एकाच जागी होतो, याचा हा पुरावा.

वर्गीकरणाला घटनात्मक आधार मिळाला तो १९७० च्या ख्वाजा अहमद अब्बास खटल्यात. अब्बास यांच्या लघुपटाला ‘यू’ऐवजी ‘ए’ देऊ केल्यावरून तो वाद झाला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी पूर्वपरीक्षण आणि वयानुसार वर्गीकरण दोन्ही वैध ठरवले. चलच्चित्र अन्य कलांपेक्षा भावना अधिक हलवते, हे त्याचे एक कारण. त्याच वेळी विषय निषिद्ध नसतो, हाताळणी तपासावी, हेही त्यांनी बजावले. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी (१९७९) बारा वर्षांच्या मुलाने वाचावी की नाही हे कायदा सांगत नाही आणि तीवर आधारित चित्रपटाबाबत सांगतो, या भेदाचे मूळ येथे आहे.

दुसरे सूत्र नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी शब्दांचा परिणाम कोणत्या माणसाच्या मापाने मोजावा हे ठरवले : विवेकी, खंबीर, धैर्यवान माणसाच्या, चंचल आणि प्रत्येक विरोधी विचारात धोका पाहणाऱ्या माणसाच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात हेच माप स्वीकारले. परिनिरीक्षणासाठी ते सर्वोत्तम माप आहे. वर्गीकरणाला मात्र ते लागू पडत नाही, कारण बालक व्याख्येनेच त्या मापात बसत नाही. बोस यांचा माणूस जेथे संपतो तेथून वयोवर्गीकरण सुरू होते. ही दोन मापे परस्परांच्या जागी वापरली की एक तर प्रौढांचे स्वातंत्र्य जाते, नाही तर मुलांचे संरक्षण.

२०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले : ७+, १३+ आणि १६+. अशीच वयचिन्हे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांना आधीच लावली होती. दुरुस्तीतील खरी महत्त्वाची तरतूद मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. कायदा स्पष्ट सांगतो की वयचिन्ह हे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे आणि पालकाव्यतिरिक्त अन्य कोणालाही ते अमलात आणता येणार नाही. म्हणजे ‘यूए १६+’ चित्रपटाला आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला तिकीट नाकारण्याचा अधिकार त्या चिन्हातून चित्रगृहाला मिळत नाही. ‘ए’ची स्थिती याच्या अगदी उलट : अठरा पूर्ण न झालेल्याला तो दाखवणे कायद्याने दंडनीय आहे. सारांश, सर्वसाधारण प्रेक्षकासाठी पाच नावे दिसत असली तरी कायद्याने बंद होणारे दार एकच. बाकी सर्व सूचनाफलक आहेत.

५. अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन स्थळे

या विभाजनाची आणि कायद्याची कसोटी एकाच जिल्ह्यातील दोन स्थळांवर पाहू. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. तेथील बहादूरगडाला, म्हणजे आजच्या धर्मवीरगडाला, मोगल सरदार बहादूरखानामुळे पूर्वीचे नाव पडले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि त्यांचे सहकारी कवी कलश यांना औरंगजेबापुढे आणले गेले ते याच छावणीत. त्यांना विदूषकी पोशाख, घंटा लावलेल्या टोप्या घालून उंटांवरून त्यांची धिंड काढली गेली. वध झाला तो ११ मार्च १६८९ रोजी, भीमा-इंद्रायणीच्या परिसरात.

‘छावा’ चित्रपटाचा अखेरचा मोठा भाग या छळाचा आहे. नखे उपटणे, जखमांवर मीठ, डोळ्यांत तप्त सळया, जीभ छाटणे हे क्रमाक्रमाने दाखवले आहे. वर केलेल्या विभाजनानुसार ही विस्तारित, सपरिणाम, दुष्टकृत हिंसा, आणि तीही सत्यघटना म्हणून सादर केलेली. प्रमाणपत्र मिळाले ‘यूए १६+’. त्या फेब्रुवारीत प्रेक्षागृहात हुंदके देणाऱ्या आणि गारद म्हणणाऱ्या लहान मुलांच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. कोणत्याही चित्रगृहाने त्यात कायदा मोडला नव्हता.

त्या मुलांच्या अश्रूंचा अर्थ घाईने लावू नये. रडणे म्हणजे इजा नव्हे. कीर्तनात, पोवाड्यात मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या या प्रसंगाला रडत आली आहेत, आणि त्या करुणेने त्यांचे काही बिघडले नाही. कीर्तनकार वधाच्या प्रसंगाशी आला की आवाज उतरवतो, दोन ओळींत तो सांगून पुढे सरकतो, आणि समोर बसलेल्या पोरांकडे त्याचे लक्ष असते. करुण रसाला एवढे पुरते. चित्रपट तोच प्रसंग कितीतरी मिनिटे ताणतो, आणि पडद्याला समोरचे मूल दिसत नाही. करुणेच्या मर्यादेपलीकडे जे उरते ते भयानक आणि बीभत्स; आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला नेमके ते उरलेले येते.

आता मागे राखून ठेवलेला पहिला विभाग घेऊ : आघाताचे स्थान. शरीर, मन, प्रतिष्ठा. पेडगावला जे घडले तो मूलतः प्रतिष्ठेवरील आघात होता. देहदंड नंतरचा, आधी विदूषकी टोपी. राजाला हास्यास्पद करणे हा त्या दिवसाचा हेतू होता. हिंसेच्या या प्रकाराला विटंबना म्हणावे. वर्गीकरणाच्या व्यवहारात हिचे माप कोठेच नाही. १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्रौर्य, निरर्थक हिंसा, बालकांचा छळ, प्राण्यांवरील अत्याचार, स्त्रियांची अप्रतिष्ठा, वांशिक व धार्मिक तुच्छता यांचे उल्लेख आहेत. परंतु वय ठरवताना विटंबना ही हिंसेची पायरी म्हणून मोजली जात नाही. मोजले जातात रक्त, शस्त्र आणि प्रहार.

ही उणीव स्पष्ट दिसण्यासाठी याच जिल्ह्यातील दुसरे स्थळ पाहावे. ते म्हणजे अहिल्यानगर शहराजवळचे अकोळनेर गाव. मंजुळे यांच्या ‘फँड्री’ची कथा याच गावात घडते. तो चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, ‘छावा’च्या बरोबर अकरा वर्षे आधी, प्रदर्शित झाला. ‘फँड्री’त खून नाही, तलवार नाही, रक्त जवळजवळ नाही. कैकाडी कुटुंबातला शाळकरी जब्या बापासोबत गावातली डुकरे पकडतो आहे. शाळेच्या आवारातून वर्गमित्र पाहत आहेत, हसत आहेत, मोबाइलवर छायाचित्रे काढत आहेत. ज्या मुलीवर त्याचा जीव आहे तीही पाहते आहे. डुक्कर हाताशी येते तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, बापही सावधान उभा राहतो, आणि डुक्कर निघून जाते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे दिसतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्याच्या दिशेने.

या चित्रपटातील हिंसा मोजायची कशाने? चित्रीकरणात प्राणी असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. म्हणजे डुकराला इजा झाली का, याची चौकशी करणारी यंत्रणा कायद्याने उभी केली आहे, आणि ती असावीच. मात्र कथेतल्या मुलाला जी इजा होते तिच्यासाठी स्वतंत्र स्तंभ नाही. वयाच्या अवस्थांचा क्रम येथे उलटा लागू होतो. पाच वर्षांच्या मुलाला ही डुकराची पळापळ वाटेल. तेरा वर्षांच्या मुलाला, विशेषतः जे मूल त्या हसणाऱ्यांत किंवा त्या पळणाऱ्यांत स्वतःला ओळखेल त्याला, ही सर्वांत तीव्र हिंसा आहे. त्यावरून ते त्याने पाहू नये असा निष्कर्ष निघत नाही. प्रस्तुत विवेचनाच्या मते ‘फँड्री’ तेराव्या वर्षी दाखवलाच पाहिजे, शाळेत दाखवला पाहिजे, आणि शिक्षकाने नंतर बोलले पाहिजे. विटंबनेचे दर्शन हे निषेधाचे कारण नसून सोबतीचे कारण आहे.

येथे वर्गीकरणाचे मूळ तत्त्व हाती लागते. विस्तारित शारीरिक हिंसेसाठी प्रश्न ‘कोणत्या वयाआधी नको’ असा असतो. तिचे उत्तर दार बंद करणे. विटंबनेसाठी प्रश्न ‘कोणासोबत पाहावे’ असा असतो; तिचे उत्तर माहिती देणे. दोन्ही प्रश्नांना एकच अंक लावणे हा विद्यमान पद्धतीचा दोष.

६. निर्णय

पालकावर जबाबदारी टाकणे तत्त्वतः चुकीचे नाही. आपले मूल कशाने घाबरते हे मुंबईत बसलेल्या तपासणी समितीपेक्षा आईला अधिक कळते. परंतु जबाबदारीसोबत माहिती द्यावी लागते. श्रीगोंद्यातून किंवा पाथर्डीतून नगरला सहकुटुंब आलेल्या शेतकऱ्याला तिकीट खिडकीवर जे कळते ते नाव, वेळ, दर आणि ‘यूए १६+’ ही इंग्रजी अक्षरे. सोळा कशासाठी, हे त्याला कोणी सांगत नाही. ओटीटी मंचांना २०२१च्या नियमांनी प्रवर्गासोबत आशयाचे वर्णन दाखवणे बंधनकारक केले आहे. घरी एकट्याने पाहणाऱ्याला वर्णन मिळते आणि दोन तास प्रवास करून, पैसे मोजून चार मुलांसह आलेल्याला ते खिडकीवर मिळत नाही, ही विसंगती टिकण्यासारखी नाही.

म्हणून तीन गोष्टी क्रमाने मागाव्या लागतात. पहिली, ‘यूए १६+’ चित्रपटास तेरा वर्षांखालील मुलांचा प्रवेश कायद्याने बंद करावा. तेरा ते सोळा या वयात निर्णय पालकाचा राहावा. याने पालकाचा अधिकार संकुचित होतो हे खरे. पण ‘ए’ प्रवर्गात तो आज पूर्णच काढून घेतलेला आहे आणि त्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही. दुसरी, प्रत्येक जाहिरातीवर आणि तिकीट खिडकीवर चित्रपट जेथे लागतो त्या प्रदेशाच्या भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, हिंसेचा प्रकार लिहावा : ‘दीर्घ छळाची दृश्ये’, ‘बालकाचा मृत्यू’, ‘जातीवरून अपमान’. तीन-चार शब्द पुरतात. तिसरी, वय ठरवताना विटंबनेचा स्वतंत्र विचार व्हावा, तो दृश्ये कापण्यासाठी नव्हे, वर्णनात नोंदवण्यासाठी.

‘छावा’विषयीचा निर्णयही टाळता येत नाही. चित्रपटाचा बहुतांश भाग तेरा वर्षांच्या मुलाने पाहण्यास हरकत नव्हती. शेवटच्या छळाचा विस्तार आहे त्या स्वरूपात ठेवायचा तर त्यास ‘ए’ हाच प्रवर्ग योग्य होता. आणि मुलांपर्यंत महाराजांचे चरित्र न्यायचे हा हेतू असेल, तर तो विस्तार सूचनेत आणणे योग्य होते. दोन्ही लाभ एकाच प्रमाणपत्रात घेतले गेले, आणि कायद्याने त्यास वाट ठेवली होती.

ती वाट बंद होईपर्यंत पालकांना एवढीच विनंती आहे. इतिहासाचा असो वा महानायकाचा, ‘१६+’ चित्रपटाचे तिकीट काढण्यापूर्वी तो पाहून आलेल्या एखाद्या प्रौढाला विचारावे : आघात किती वेळ दाखवला आहे, तो कोणावर होतो, आणि सारे खरेच घडले असे सांगितले आहे का. उत्तर ‘बराच वेळ, नायकावर, आणि हो’ असे आले, तर दहा वर्षांच्या मुलाला घरी ठेवावे आणि ती कथा आपल्या तोंडाने सांगावी.